कसेल त्याचे नव्हे, नोंद असेल त्याचे

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील जिल्हा, आकाराने बहुधा तालुक्याएवढा. नाव सूर्यफुलाचे असले तरी ही भूमी कापसाची. महानदीच्या गाळाने पोसलेली, सपाट, वऱ्हाडातल्या माणसाला घरची वाटावी अशी. १९६०च्या दशकात या काउंटीतील सुमारे दोनतृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतील बहुतेकांची पोटे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यावर अवलंबून होती. याच काउंटीतल्या दोन व्यक्तींची नावे अमेरिकेच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. अमेरिकेच्या शेतीअनुदानाचे खरे रूप समजून घ्यायचे असेल, तर अर्थशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा ही दोन माणसे अधिक उपयोगी पडतात.

पहिली व्यक्ती जेम्स ईस्टलंड. डॉड्सव्हिल गावाजवळ हजारो एकरांचा कापसाचा मळा, १९४३ ते १९७८ अशी सलग पस्तीस वर्षे सिनेटची जागा, त्यातली बावीस वर्षे न्यायविषयक समितीचे अध्यक्षपद. कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळू नये म्हणून आयुष्यभर झटलेला हा गृहस्थ सिनेटच्या कृषी समितीवरही होता. कापूस पिकवू नये म्हणून आणि पिकवला तर भाव पडू नये म्हणून वॉशिंग्टनमधून जो पैसा येई, त्यातून ईस्टलंड यांच्या मळ्याला १९६७ या एका वर्षात दीड लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रॉबर्ट केनेडी या भागात आले आणि शेजारच्या बोलिव्हर काउंटीतील झोपड्यांत पोटे फुगलेली, अंगावर व्रण असलेली उपाशी मुले पाहून सुन्न झाले. जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या सर्वांत सुपीक जमिनीवर मुले उपाशी होती आणि त्याच जमिनीच्या नावे सरकारी धनादेश येत होते.

दुसरी व्यक्ती फॅनी लू हेमर. वीस भावंडांतील धाकटी. सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. रुलव्हिलजवळच्या एका मळ्यावर बटईदार म्हणून आणि हिशेबनीस म्हणून तिने अठरा वर्षे काढली. ऑगस्ट १९६२ मध्ये मतदारयादीत नाव घालायला ती इंडियनोलाच्या कचेरीत गेली आणि त्याच दिवशी मळेवाल्याने तिला घराबाहेर काढले. अठरा वर्षे ज्या जमिनीत घाम गाळला, त्या जमिनीवर तिचा एका रात्रीचाही हक्क नव्हता. पुढे १९६९ मध्ये याच काउंटीत तिने चाळीस एकर घेऊन सहकारी शेती उभी केली. त्यासोबत डुकरांची ‘बँक’ काढली, म्हणजे कुटुंबाने मादी न्यायची आणि वीण झाली की पिले परत करायची. शेकडो घरांना त्यातून मांस मिळाले. दुष्काळ, पूर आणि पैशाची चणचण यांमुळे १९७०च्या दशकाच्या मध्यास ती सहकारी शेती मोडली. सिनेटर महोदयांच्या मळ्याला मात्र अशी चणचण सोसावी लागली नाही.

हा योगायोग नव्हता आणि एका दुष्ट माणसाची करामतही नव्हती. अनुदानाची रचनाच तशी होती. ती रचना कुठून आली, हे पाहण्यासाठी तीन दशके मागे जावे लागते.

१९१९ मध्ये अमेरिकेत कापसाला पौंडामागे सुमारे ३५ सेंट मिळत होते. १९३२ मध्ये तोच भाव सहा सेंटांच्या आसपास आला. शेतकरी उद्ध्वस्त झाला होता, यात शंका नाही आणि त्याला हात देण्याची रूझवेल्ट यांची इच्छाही खोटी नव्हती. मे १९३३ मध्ये कृषी समायोजन कायदा झाला. माल जास्त म्हणून भाव पडला, तेव्हा माल कमी करा, असे साधे गणित होते. त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. सुमारे साठ लाख डुकरे मारण्यात आली. पीक मोडल्याबद्दल सरकार भरपाई देणार होते. पण कोणाला?

करार सरकार आणि जमीनमालक यांच्यात झाला. कसणारा बटईदार त्या करारात पक्षकारच नव्हता. त्याचा वाटा मालकाने प्रामाणिकपणे द्यावा, एवढीच अपेक्षा होती. १९३४-३५च्या करारात तर ही विषमता आकड्यांतच लिहिलेली होती. पडीक ठेवलेल्या जमिनीवरील पौंडामागच्या साडेचार सेंटांपैकी चार मालकाचे आणि अर्धा बटईदाराचा. त्यातही मालकाने बटईदार काढून रोजंदारीचा मजूर ठेवला, तर तो अर्धा सेंटही मालकाच्याच खिशात. मग मालकाने काय करावे? जे कोणीही हिशेबी माणूस करील, तेच त्याने केले. कापूसपट्ट्यात हजारो कुटुंबे सामानसुमानासह रस्त्याच्या कडेला आली. आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट काउंटीत, टायरोन्झा या खेड्यात जुलै १९३४ मध्ये अकरा गोरे आणि सात काळे शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. वर्णभेद हाडीमाशी खिळलेल्या त्या मुलखात गोऱ्याकाळ्यांना एकाच बाकावर बसवण्याचे काम अनुदानाच्या अन्यायाने केले, हे अनुदानाचे एकमेव पुण्यकर्म म्हणावे लागेल!

कृषी खात्यातील काही तरुण वकिलांनी कराराचा अर्थ बटईदाराच्या बाजूने लावण्याचा प्रयत्न केला. फेब्रुवारी १९३५ मध्ये जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोकरीतून काढण्यात आले. दुसरीकडे याच यंत्रणेत वित्त विभाग सांभाळणारे ऑस्कर जॉन्स्टन हे बोलिव्हर काउंटीतील ‘डेल्टा अँड पाइन लँड’ या कंपनीचे अध्यक्षही होते. ही कंपनी मँचेस्टरच्या सूतगिरणीवाल्यांच्या मालकीची. म्हणजे अमेरिकी शेतकऱ्याच्या नावाने निघालेला पैसा इंग्रज भागधारकांपर्यंत पोहोचत होता. १९३६ मध्ये सिनेटमध्ये हा प्रकार बाहेर आला, चार दिवस गवगवा झाला आणि विझला. मराठी वाचकाला या कंपनीचे नाव अनोळखी नसावे. मार्च १९९८ मध्ये उगवणच थांबवणाऱ्या ‘टर्मिनेटर’ बियाण्याचे पेटंट मिळाले, ते याच कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला संयुक्तपणे. २००७ मध्ये ती मोन्सॅन्टोने गिळली.

अनुदानाचे पैसे मालकाकडे साचले की पुढची पायरी ठरलेलीच असते. त्या पैशातून ट्रॅक्टर आले. ऑक्टोबर १९४४ मध्ये मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणारी यंत्रे सर्वांसमोर चालवून दाखवण्यात आली आणि हातांची गरज संपली. शिकागो, डेट्रॉईटच्या वस्त्या ज्यांनी भरल्या, त्यांतले कितीतरी लोक या धनादेशांनी गावाबाहेर ढकललेले होते. यंत्र येणारच होते, हे मान्य. पण एका माणसाला त्याच्याच कामावरून घालवून देण्याचा खर्च त्याच्याच सरकारने करावा, यात काय समाजहित होते?

१९७० मध्ये काँग्रेसने प्रथमच मर्यादा घातली. एका व्यक्तीला एका पिकासाठी ५५ हजार डॉलरांहून अधिक नाही. मर्यादा आली तशी तिची पळवाटही आली. एका मळ्याचे कागदोपत्री दहा मळे झाले. भावाच्या, मेहुण्याच्या, भागीदारीच्या, विश्वस्तनिधीच्या नावे तुकडे पडले. या कागदी झाडाला तिथे ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ म्हणतात. एका खोडाला शंभर फांद्या आणि प्रत्येक फांदीला एक पाकीट. कमाल जमीनधारणा कायद्यानंतर घरगड्याच्या नावे वावरे कशी चढली, हे पाहिलेल्या महाराष्ट्राला यात नवे काही वाटायचे कारण नाही. २०१८च्या कृषी कायद्याने तर चुलत-मावस भावंडे, भाचे, पुतणे हेही शेतीव्यवसायातील कुटुंबीय म्हणून लाभास पात्र ठरवले. एरवी एकत्र कुटुंब हे मागासलेपणाचे लक्षण मानणाऱ्या देशाला धनादेशाच्या दिवशी चुलत भाऊ आठवतो!

ही विटंबना आणखी किती खाली उतरू शकते, याचे उत्तर टेक्सासने दिले. १९९६च्या कायद्यानंतर पूर्वी ज्या जमिनीवर भात वा कापूस नोंदला गेला होता, त्या जमिनीला ठरावीक रक्कम मिळू लागली. मग आज तिथे काय पिकते, काही पिकते की नाही, हे पाहण्याची गरज उरली नाही. व्हार्टन काउंटीतील एल कॅम्पोच्या परिसरात भाताची खाचरे बुजवून बंगले झाले, हिरवळी झाल्या आणि बंगलेवाल्यांना जुन्या भाताचे पैसे येत राहिले. २००० पासून असे किमान १.३ अब्ज डॉलर शेती न करणाऱ्यांना गेल्याचे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने जुलै २००६ मध्ये उघड केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की, १९९९ ते २००५ या काळात १,७२,८०१ मृत व्यक्तींच्या नावे १.१ अब्ज डॉलर वाटण्यात आले आणि त्यांतील ४० टक्के रक्कम मरून तीन वर्षे वा त्याहून अधिक काळ झालेल्यांच्या नावे होती. नोंदीला प्राण नसतो, त्यामुळे तिला मरणही नसते. ही ‘नेमणूक’ २०१४ मध्ये रद्द झाली, पण नोंदीतील क्षेत्रावर पैसे देण्याची पद्धत नव्या नावांनी चालूच राहिली.

आणि जिवंत, कसणारा, पण रंगाने काळा शेतकरी? त्याच्या कर्जाचा अर्ज काउंटी समितीपुढे जाई. या समित्या शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांमधून निवडलेल्या. वाचायला किती सुंदर! प्रत्यक्षात गावातला मोठा गोरा शेतकरी शेजारच्या छोट्या काळ्या शेतकऱ्याच्या कर्जावर निर्णय देत असे आणि ते कर्ज बुडाले तर जमीन कोण घेईल, हेही त्याला ठाऊक असे. पेरणी उलटून गेल्यावर कर्ज मंजूर होई. तक्रारी तपासणारा विभागच १९८३ मध्ये मोडीत निघाला. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. १९९०च्या दशकात ते वीस हजारांच्या आत आले. १९९७ मध्ये त्यांनी कृषी खात्यावर दावा लावला, १९९९ मध्ये तडजोड झाली, २०१० मध्ये आणखी १.२५ अब्ज डॉलर मंजूर झाले. भरपाई मिळाली. जमीन मिळाली नाही.

इथपर्यंतचा मामला अमेरिकेचा घरगुती म्हणून सोडून देता आला असता. पण अमेरिकेचा कापूस घरात राहत नाही. त्याचा मोठा हिस्सा निर्यात होतो आणि त्याचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातून यवतमाळच्या जिनिंगपर्यंत झिरपतो. २००१च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये कापूस पौंडामागे ३० सेंटांखाली गेला. अमेरिकेच्या शेतकऱ्याला पेरणी आवरती घेण्याचे कारण नव्हते. बाजार कितीही पडला तरी ५२ सेंटांचा आधार होता आणि २००२च्या कायद्याने लक्ष्यभाव ७२.४ सेंट ठरवून तूट सरकारच्या माथी मारली. अवघे पंचवीस हजार कापूस उत्पादक आणि त्यांच्या दिमतीला अब्जावधी डॉलर. पलीकडे माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड या देशांतले आणि इकडे विदर्भ-मराठवाड्यातले लक्षावधी कोरडवाहू शेतकरी. मुक्त बाजाराची ही शर्यत, ज्यात एक धावक मोटारीत बसलेला होता.

ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. २००५ मध्ये अमेरिका अपिलातही हरली. मग अमेरिकेने अनुदान थांबवले का? २००९ मध्ये ब्राझीलला प्रतिशुल्क लावण्याची मुभा मिळाली, तेव्हा अमेरिकेने २०१० मध्ये वेगळाच तोडगा काढला. ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे आणि स्वतःचे अनुदान चालू ठेवायचे. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. म्हणजे अमेरिकी करदाता काही वर्षे टेक्सासच्या आणि ब्राझीलच्या, दोन्हीकडच्या कापसाला पोसत होता. मालीच्या आणि यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी मात्र असा धनादेश निघाला नाही, कारण त्यांच्या सरकारांनी दावा लावला नव्हता.

याच अमेरिकेने २०१८च्या मे महिन्यात भारताच्या गहू-तांदळाच्या आणि नोव्हेंबरमध्ये कापसाच्या हमीभावावर जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप नोंदवला. आक्षेपाचे गणित १९८६-८८च्या गोठलेल्या किमतींवर! वस्तुतः भारताने १९९०च्या दशकात या संघटनेला जी आकडेवारी दिली, तीत पीकनिहाय आधार शून्याखाली होता. सरकार शेतकऱ्याला देत नव्हते, त्याच्याकडून घेत होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा त्याच अनुभवातून आली होती.

ताजे उदाहरण पाहायचे तर ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याकडे बघावे. सरकीसह कापसाचा संदर्भभाव पौंडाला ३६.७ वरून ४२ सेंट झाला. व्यक्तिगत मर्यादा १ लाख २५ हजारांवरून १ लाख ५५ हजार डॉलर झाली आणि मर्यादित दायित्वाच्या कंपन्यांना प्रत्येक भागीदारामागे वेगळी मर्यादा मोजण्याची सोय झाली. ख्रिसमस ट्रीला कायद्यानेच खत घातले. त्याच कायद्यात गरिबांच्या अन्नमदतीत दहा वर्षांत सुमारे १८६ अब्ज डॉलरांची कपात आहे, असा अंदाज अमेरिकी काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने दिला. १९६७चे सनफ्लॉवर संपलेले नाही, त्याचा विस्तार झाला आहे. आणि त्या कायद्याला दोन महिने होत नाहीत तोच, १९ ऑगस्ट २०२५ पासून ३१ डिसेंबरपर्यंत भारताने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला होता. वेचणीच्या ऐन हंगामात दार उघडण्याचा हा निर्णय वस्त्रोद्योगाच्या सोयीचा असेल. कापूस उत्पादकाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तेव्हा अमेरिका बाजारावर विश्वास ठेवते म्हणून भारतानेही हमीभाव सोडावा, असे सांगणारे पंडित एक तर अज्ञानी आहेत किंवा ढोंगी. पण दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ‘अमेरिका देते तसे आम्हालाही एकरी द्या’, ही मागणी सभांतून टाळ्या घेते. एकरी म्हणजे कोणाला?

तेलंगणाने मे २०१८ मध्ये रयतु बंधू योजना सुरू केली. हंगामाला एकरी चार हजार रुपये, वर मर्यादा नाही आणि मक्तेदाराला एक पैसा नाही. हैदराबादेत राहणारा मालक पैसे घेई आणि त्याची जमीन कसणारा माणूस सावकाराकडे जाई. टायरोन्झाची ही तेलुगू आवृत्ती होती. ओडिशाच्या कालिया योजनेने त्याच वर्षाच्या अखेरीस बटईदार आणि भूमिहीन यांना सामावून घेतले, म्हणजे हे अशक्य नव्हते.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार रुपये थेट खात्यात जातात, दलाल मधून गेला, हे मोठे काम झाले. आयकरदात्यांना वगळले, कुटुंबाला एकच रक्कम ठेवली, हेही अमेरिकेपेक्षा शहाणपणाचे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यात नमो शेतकरी योजनेची आणखी सहा हजारांची भर घातली. परंतु दोन्हींचे दार एकच आहे आणि त्या दारावर सातबारा लिहिलेला आहे. विदर्भात मक्त्याने किंवा बटईने शेती करणारे घर गावोगाव आहे. करार तोंडी असतो, कारण १९५८च्या विदर्भ कूळकायद्याच्या भीतीने मालक कागदावर काही लिहून देत नाही. मक्ता पेरणीपूर्वी रोख मोजावा लागतो. बँक पीककर्ज देत नाही, कारण उतारा नाही. विम्याला लेखी करार लागतो. गारपीट झाली तर पीक याचे जाते आणि मदतीची यादी सातबाऱ्यावरून निघते. पुण्यामुंबईत नोकरी करणाऱ्या कितीतरी सुशिक्षित घरांच्या नावे गावाकडे अशी वावरे आहेत आणि त्यांच्या खात्यात असे हप्ते आलेही असतील. रक्कम लहान, म्हणून कोणाला टोचत नाही. १९३३ मध्ये मिसिसिपीतही ती लहानच होती.

मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याची लेखी नोंद करता येते. नीति आयोगाच्या टी. हक समितीने २०१६ मध्ये आदर्श भाडेपट्टा कायद्याचा मसुदाच दिला आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत उभ्या पिकाची नोंद मोबाईलवरून होते. तिथे वावरात उभ्या असलेल्या माणसाच्या नावाला जागा करायची आहे. त्याला आड येतात ते मालकाचे भय आणि मालकाचे मत. ईस्टलंड यांच्या काउंटीतही याच दोन गोष्टी आड आल्या होत्या.